जांभ्या मातीत चिकणमाती किती? एकाच नमुन्याचे दोन अहवाल

सडेकर:
राजापूर तालुक्यात सड्याला, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठाराला, लागून आमची जमीन आहे. पावसाचे पाणी साठवायला शेततळे घ्यायचे ठरते आहे. प्लॅस्टिकचे अस्तर न घालता जागेवरचीच माती कुटून तळ आणि बाजू बसवता येतील का, ते बघायचे आहे. घरातले वडीलधारे म्हणतात, खालच्या खाचरात पाणी थांबते तर वर का नाही थांबणार. म्हणून गुडघाभर खालची लाल माती काढली, चांगली कालवली, तिचे दोन भाग केले आणि ते दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दिले.

एकीने चिकणमाती २३ टक्के सांगितली, दुसरीने ४४. पहिल्या अहवालावर पद्धत म्हणून फक्त 'हायड्रोमीटर' लिहिले आहे, दुसऱ्यावर 'पिपेट'. माती तीच, पाटीही तीच. यातला कोणता आकडा धरायचा? की पिपेटची पद्धतच जास्त आकडा देते? जाणकारांनी कृपया सांगावे, कारण खर्चाचा सगळा हिशेब यावर अडला आहे.

चाळण:
मी मृदा प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हायड्रोमीटर आणि पिपेट या दोन्ही पद्धतींचा पाया एकच आहे. पाण्यात मोठा कण लवकर बुडतो आणि बारीक कण हळू. स्टोक्सने १८५१ मध्ये त्याचे सूत्र मांडले. ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण म्हणजे चिकणमाती ही व्याख्या धरली, तर उरतो एकच प्रश्न: ठरावीक वेळेनंतर पाण्यात अजून किती माती तरंगते आहे? रॉबिन्सनने १९२२ मध्ये पिपेटची रीत दिली. त्यात ठरावीक खोलीवरून थोडे पाणी ओढून घेतात, सुकवतात आणि उरलेली माती तोलतात. बुयुकोसने १९२७ मध्ये हायड्रोमीटर आणला. त्यात गढूळ पाण्याची घनता थेट काचेच्या नळीवर वाचतात. पिपेट जास्त काटेकोर खरी, पण काम नीट केले तर दोघींमध्ये दोन-चार टक्क्यांचाच फरक पडतो. २१ टक्क्यांचा फरक मोजण्यातून येत नाही, तो मोजण्याआधीच्या तयारीतून येतो.

कोकणातल्या लाल मातीत तर हे फारच खरे आहे. इथे लोहाची ऑक्साइडे चिकणमातीच्या कणांना एकमेकांशी घट्ट बांधून ठेवतात. असा बांधलेला पुंजका पाण्यात वाळूच्या किंवा पोयट्याच्या (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड) कणासारखा झटकन बुडतो, आणि अहवालात वाळू किंवा पोयटा म्हणूनच नोंदला जातो. आमच्याकडे त्याला 'खोटी वाळू' म्हणत. हे पुंजके किती फुटले, त्यावर तुमचा आकडा ठरतो.

दोन्ही प्रयोगशाळांना एवढे विचारा: माती उन्हात, सावलीत की ओव्हनमध्ये सुकवली? कण सुटे करायला कोणते रसायन वापरले? घुसळली किती वेळ? दोन मिलिमीटरच्या चाळणीवर किती खडे राहिले? त्यांच्या उत्तरांशिवाय कोणताही आकडा धरू नका.

मळेवाला:
सडेकरानू, आमच्याकडे मळ्यातली माती हाताक लगेच चिकाटता, सड्याची माती पयली रेतीसारखी लागता. पण तीच माती पाणी लावन धा मिनिटा मळली काय गुळगुळीत होता आणि लांब वळी वळता. मगे ती रेती खंय गेली?

चाळण, ही तुमची खोटी वाळू असावी असे वाटते. बरोबर ना?

चाळण:
अगदी बरोबर. मळेवाले, ही कसोटी प्रयोगशाळेतही करावी इतकी चांगली आहे. ओल्या मातीची अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबून पट्टी काढायची, मग दहा मिनिटे मळून पुन्हा काढायची. दुसरी पट्टी बरीच लांब निघाली, तर समजावे की माती पुंजक्यांची आहे आणि साध्या रीतीने केलेल्या चाचणीत चिकणमाती कमी दिसणार. भाताच्या खाचरात चिखलणी करताना हेच होते. नांगर आणि फळी फिरून पुंजके फुटतात, छिद्रे बुजतात आणि पाणी थांबते. सडेकरांच्या वडीलधाऱ्यांचे निरीक्षण खोटे नाही, पण खाचरातले पाणी चिखलणीमुळे थांबते. नुसत्या मातीमुळे नव्हे.

अंकुर:
मी दापोलीला कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रात्यक्षिकात हायड्रोमीटरची ४० सेकंदांचे आणि २ तासांचे अशी दोन रीडिंग घेतात. पण पुस्तकात २ मायक्रॉनच्या, म्हणजे ०.००२ मिलिमीटरच्या, कणाला १० सेंटिमीटर उतरायला जवळपास ८ तास लागतात असे आहे. मग २ तासांत कसे जमते?

चाळण:
चांगला प्रश्न. २० अंश तापमानाला २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर उतरायला ७ तास ४४ मिनिटे घेतो. ३० अंशाला पाणी पातळ होते, मग तेच अंतर ६ तास ९ मिनिटांत होते. कोकणात पंखा लावूनही खोली ३० च्या आसपास असते, म्हणून थंड देशातला तक्ता जसाच्या तसा वापरला तर उशिरा मोजाल आणि चिकणमाती कमी येईल. २ तासांचे रीडिंग हे बुयुकोसने सोयीसाठी ठेवलेले आहे. त्या वेळी पाण्यात २ मायक्रॉनपेक्षा जरा जाड कणही तरंगत असतात, म्हणजे बारीक पोयटाही चिकणमातीत धरला जातो. रोजच्या शेतकरी-नमुन्यांसाठी ते चालते, पण संशोधनाला किंवा सडेकरांच्या कामाला उशिराचे रीडिंग घ्यावे.

तापमानाची दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. बुयुकोसचा हायड्रोमीटर २० अंशाला जुळवलेला असतो. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला रीडिंगमध्ये लिटरमागे ०.३६ ग्रॅम मिळवायचे असतात. मे महिन्यात ३२ अंशाला हा फरक ४.३ ग्रॅम होतो. तुम्ही ५० ग्रॅम माती घेतली असेल, तर ८.६ टक्के चिकणमाती अहवालातून गायब. यावर सोपा उपाय म्हणजे तेच रसायन घातलेले, माती नसलेले कोरे सिलिंडर शेजारीच ठेवायचे आणि त्याचे रीडिंग वजा करायचे. तेवढे केले की तापमानाची दुरुस्ती वेगळी करायची नाही. दोन्ही केल्या तर दुप्पट दुरुस्ती होते. हिशेब सोपा आहे: मातीचे रीडिंग २१, कोऱ्याचे ३, माती ५० ग्रॅम, म्हणजे १८ ला ५० ने भागून चिकणमाती ३६ टक्के.

आणि हो, गढूळ पाण्यात काचेला लागलेल्या पाण्याच्या वळणाचा वरचा काठ वाचतात, खालचा दिसतच नाही. त्याची दुरुस्ती प्रत्येक हायड्रोमीटरची वेगळी, ती आधीच काढून ठेवावी. सिलिंडरवर ऊन पडू देऊ नये. एका बाजूने तापलेले पाणी फिरू लागते आणि बसलेले कण पुन्हा वर येतात.

खारबंदिस्ती:
मी पेणजवळच्या खारभूमीतला. आमचा अनुभव उलट बाजूचा आहे. आमच्या मातीत चिकणमाती भरपूर, चिखलात पाय रुतला की निघत नाही, तरी एका अहवालात ती जेमतेम दहा टक्के आली होती. सिलिंडरमधले पाणी घुसळल्यावर थोड्याच वेळात नितळ झाले होते म्हणे. तेव्हा पहिली शंका क्षारांचीच घ्यावी. समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे बारीक कण गोळा होऊन ढेकळ्या होतात आणि एकदम तळाला बसतात. आधी ऊर्ध्वपातित पाण्याने माती धुवून धुवून विद्युतवाहकता मीटरमागे ०.४ डेसिसिमेन्सच्या खाली आणावी, मगच रसायन घालावे. धुताना वरचे पाणी अचानक गढूळ राहू लागले, तर तीच क्षार गेल्याची खूण. पण ते गढूळ पाणी फेकू नका, त्यातच तुमची चिकणमाती आहे.

सडेकरांच्या सड्यावर हा प्रश्न नाही, पण किनाऱ्याजवळच्या कोणी वाचले तर उपयोग व्हावा म्हणून लिहिले.

पायाभरणी:
मी स्थापत्य अभियंता आहे, रस्ते आणि छोटे बंधारे यांवर काम करतो. आमच्याकडे माती तपासणीचे आयएस २७२० हे भारतीय मानक चालते. त्याच्या भाग ४ मध्ये कणांच्या आकाराची चाचणी आहे, भाग ५ मध्ये द्रव मर्यादा (किती पाण्याला माती वाहू लागते) आणि सुघट्य मर्यादा (किती पाण्यापर्यंत ती न तुटता वळता येते), भाग १७ मध्ये पाझर. सडेकर, मला स्पष्ट सांगावेसे वाटते: तळ्यासाठी चिकणमातीची टक्केवारी हा दुय्यम आकडा आहे. ४४ टक्के चिकणमातीची लाल माती आणि ४४ टक्क्यांची घाटावरची काळी माती या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. काळ्या मातीत फुगणारी स्मेक्टाइट गटाची खनिजे असतात, कोकणात मुख्यतः केओलिनाइट, जे फारसे फुगत नाही. स्केम्प्टनने १९५३ मध्ये सुघट्यता निर्देशांकाला, म्हणजे या दोन मर्यादांमधल्या फरकाला, चिकणमातीच्या टक्केवारीने भागून 'क्रियाशीलता' काढली. केओलिनाइटची ती साधारण ०.४ येते आणि सोडियमयुक्त माँटमोरिलोनाइटची (स्मेक्टाइट गटातले एक खनिज) ७ पर्यंत जाते. दोन आकडे सारखे दिसले म्हणून दोन माती सारख्या वागत नाहीत.

त्यामुळे माझा सल्ला असा की आहे त्या पैशात भाग ५ आणि भाग १७ करून घ्या.

चाळण:
पायाभरणी, तुमच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त एक भर. द्रव मर्यादेच्या चाचणीतही माती ओव्हनमध्ये सुकवली की आकडा घसरतो. बुकाननने १८०७ मध्ये मलबारच्या जांभ्याचे वर्णन केले, तेव्हा खाणीत लोखंडी हत्याराने कापता येणारा हा दगड हवेत आल्यावर विटेसारखा कडक होतो असे नोंदवले. आपल्या चिरेखाणीत हे रोज दिसते. मातीतही तेच घडते, लहान प्रमाणात. एकदा १०५ अंशाला सुकवली की काही बंध पुन्हा सुटतच नाहीत. ओव्हन फक्त ओलावा काढायच्या छोट्या वेगळ्या भागासाठी. चाचणीची माती सावलीत सुकवावी, आणि शक्य असेल तर तशीच ओली पिशवीत बांधून न्यावी.

सडेकर:
दोन्हीकडून उत्तरे आली. पहिल्या ठिकाणी माती ओव्हनमध्ये सुकवली, 'कॅल्गॉन' घातले आणि मिक्सरमध्ये पाच मिनिटे घुसळली. दुसऱ्या ठिकाणी माती सावलीत सुकवली, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटबरोबर थोडे सोडियम हायड्रॉक्साइड घातले आणि रात्रभर हलवणाऱ्या यंत्रावर ठेवली. दोन मिलिमीटरच्या चाळणीवर ३० टक्के खडे राहिले आणि ते बाजूला ठेवले, असे दुसऱ्यांनी सांगितले. पहिल्यांनी खडे मोजले नव्हते. दुसऱ्यांच्या अहवालात १५ बार दाबाला मातीत उरणारे पाणी १८ टक्के आणि सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के असेही लिहिले आहे. त्याचा काही उपयोग आहे का?

चाळण:
सडेकर, तो १८ चा आकडा फार मोलाचा आहे. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात यासाठी एक तपासणी दिलेली आहे. १५ बारला उरणारे पाणी भागिले चिकणमातीची टक्केवारी हे गुणोत्तर ०.६ किंवा त्याहून जास्त आले, तर माती नीट सुटलेली नाही असे धरतात. तुमच्या पहिल्या अहवालाने १८ भागिले २३ म्हणजे ०.७८. दुसऱ्याने १८ भागिले ४४ म्हणजे ०.४१. न सुटलेल्या मातीसाठी तिथे अंदाजाचा मार्गही दिला आहे: १५ बारच्या पाण्यातून सेंद्रिय कर्ब वजा करायचा आणि अडीचने गुणायचे. १८ वजा ०.६, गुणिले २.५, येतात ४३.५. पिपेटच्या ४४ शी हे किती जवळ आहे पाहा. पाणी हे कणांच्या खऱ्या पृष्ठभागाला धरून राहते. पुंजके फुटले की नाही, याने त्याला फारसा फरक पडत नाही.

म्हणजे तुमच्या बारीक मातीत चिकणमाती ४४ टक्क्यांच्या जवळ आहे, याबद्दल मला शंका नाही. रसायनाबद्दल: आम्लधर्मी लाल मातीत लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर धन प्रभार असतो, केओलिनाइटच्या पृष्ठभागावर ऋण, म्हणून ते चिकटतात. फॉस्फेट त्या ऑक्साइडांवर बसून प्रभार ऋण करते, सोडियम हायड्रॉक्साइड पीएच वाढवून तेच काम करते. ब्राझीलच्या लाल मातीवर सोडियम हायड्रॉक्साइडच सर्रास वापरतात. हेक्सामेटाफॉस्फेटचे द्रावण मात्र महिन्याच्या आतले हवे, जुने झाले की त्याचे साधे फॉस्फेट होते आणि जोर जातो. पाणी मृदू करायच्या पावडरीच्या डब्यावर कॅल्गॉन हे नाव असले तरी आत हेक्सामेटाफॉस्फेट असेलच असे नाही, म्हणून रसायनविक्रेत्याकडून शुद्ध घ्यावे.

आता खडे. ४४ टक्के हे दोन मिलिमीटरखालच्या मातीचे आहेत. ३० टक्के खडे धरले तर तुमच्या जागेवरच्या एकूण मातीत ४४ गुणिले ०.७, म्हणजे ३१ टक्के. तळ्यात जी माती जाणार आहे ती खड्यांसकट जाणार असेल, तर हाच आकडा धरायचा.

अंकुर:
लोह पूर्ण काढून मग मोजले तर? डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेटची मेहरा आणि जॅक्सन यांची १९६० ची पद्धत आम्हाला शिकवली आहे. खरी चिकणमाती मग तीच ना?

चाळण:
खनिजांचा अभ्यास असेल तर जरूर करावी, क्ष-किरण विवर्तनाआधी ती लागतेच. पण जांभ्या मातीत लोहाची ऑक्साइडे ही स्वतःच चिकणमातीच्या आकाराची असतात. ती विरघळवली की चिकणमातीचा एक भागच फेकला जातो, आणि शेतात न दिसणारी माती तुम्ही मोजता. शेती आणि तळे या दोन्हींसाठी मी लोह काढणार नाही. त्यापेक्षा दुसरा नमुना नुसत्या पाण्यात हलवून, कोणतेही रसायन न घालता, चिकणमाती किती सुटते ते बघावे. रसायनासह ४४ आणि नुसत्या पाण्यात ५ असे आले, तर समजावे की पुंजके शेतात घट्ट आहेत. बागेसाठी ती चांगली गोष्ट आहे: धूप कमी, निचरा उत्तम, कलमांच्या मुळांना हवा. तळ्यासाठी मात्र तीच अडचण.

सेंद्रिय पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळायचे का, तर आमराईच्या पालापाचोळ्याखालच्या वरच्या थरात हो, गुडघाभर खाली क्वचितच गरज पडते. चुन्यासाठी आम्लाची प्रक्रिया इथे नको, शिंपल्यांची वाळू असलेल्या किनारपट्टीत लागेल.

मळेवाला:
कणांची चाचणी आता लेझरवर मिनिटांत होते असे ऐकले. ती का करू नये?

पायाभरणी:
होते, आणि नमुनाही चिमूटभरच लागतो. पण चिकणमातीचे कण पातळ चकत्यांसारखे असतात. लेझर त्यांची रुंदी बघतो, पाण्यात ते त्या मानाने हळू उतरतात. म्हणून लेझर चिकणमाती कमी दाखवतो. १९९७ मध्ये कोनर्ट आणि व्हान्डेनबर्ग यांनी पिपेटचे २ मायक्रॉन म्हणजे लेझरचे सुमारे ८ मायक्रॉन धरावेत असे सुचवले. पिपेटच्या अहवालाशेजारी लेझरचा अहवाल ठेवून तुलना करू नये.

सडेकर, पाझराचा हिशेब देतो. समजा अस्तर ३० सेंटिमीटर आणि पाणी दोन मीटर. कुटलेल्या मातीचा पाझर गुणांक सेकंदाला ०.००००१ सेंटिमीटर असला, तर सुरुवातीला रोज साडेसहा सेंटिमीटर पाणी जाईल. पातळी उतरते तसा वेग मंदावतो, तरी ऑक्टोबरात भरलेले तळे साधारण सत्तर दिवसांत रिकामे. गुणांक त्याच्या दहाव्या हिश्शावर आला, तर पहिल्या दिवसांत रोज साडेसहा मिलिमीटर जाईल आणि मेपर्यंत पाणी दिसेल. बाष्पीभवन वेगळे. हा दहापट फरक मातीच्या टक्केवारीत दिसत नाही. तो कुटताना पाणी किती होते, यात असतो. ज्या ओलाव्याला कुटलेली माती सर्वांत दाट बसते, त्यापेक्षा दोन टक्के जास्त पाणी ठेवून कुटा, पुंजके त्यातच फुटतात. कोरडी माती कितीही रोलरने दाबली तरी पुंजक्यांमधल्या वाटा उरतात.

सडेकर:
मनापासून आभार. खडे चाळून काढलेली आणि न काढलेली अशा दोन्ही मातींची पाझर चाचणी करून घेतो. चाळायची मजुरी किती येते त्यावर पुढचे ठरवू. पाझराच्या नमुन्यासाठी किती माती न्यावी लागेल?

पायाभरणी:
दोन्ही मिळून वीस-पंचवीस किलो न्या, म्हणजे कुटाईची आणि पाझराची चाचणी त्यातच होतील. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला, तोंड बांधा, ओल उडू देऊ नका. ओव्हनमध्ये घालायची नाही हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून आत आणि बाहेर, दोन्हीकडे लावा.